मध्ये पडणारा

याची आणि तुमची गाठ पडलेली आहे, ओळख तेवढी राहिली. गॅरेजच्या बिलावर 'लोअर आर्म बुश, ४ नग' अशी एक ओळ असते. आपण ती वाचतो, काही कळलं नाही तरी मान डोलावतो, मेस्त्रीला "आता खडखड नाही ना येणार?" एवढं विचारतो आणि पैसे देऊन निघतो. त्या ओळीतला तो हा. बुश. मुठीत सहज मावेल एवढा देह. बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी लोखंडी नळी, आणि दोघींच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं काळं रबर. रूप म्हणावं असं काही नाही. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात हा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून खिळ्याला टांगलेला सापडतो, आणि शेजारच्या फळीवर दिमाखात उभे असलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

याचा धंदा मध्ये पडण्याचा. गाडीचं चाक एका लोखंडी आर्मला धरलेलं असतं आणि आर्म गाडीच्या सांगाड्याला. चाकाला रस्त्यावरची प्रत्येक बातमी ताबडतोब वर पोचवायची घाई: इथे खडी आहे, इथे खड्डा आहे, इथे कुणीतरी केबलसाठी खणून तसंच ठेवलंय. सांगाड्याला यातलं निम्मंही ऐकायचं नसतं. लग्नाच्या याद्या करताना दोन्हीकडचे व्याही ताठ बसले की मध्ये एक मामा लागतो. तो इकडचं बोलणं तिकडे पोचवतो, पण टोचणारे चार शब्द वाटेत गिळून टाकतो. बुश त्याच जातीचा. गिळलेल्या शब्दांची त्याच्या पोटात ऊब होते, आणि हे अलंकारानं म्हणत नाही. रबराला बसलेल्या हादऱ्यांचा काही भाग खरोखरच उष्णतेत जिरतो.

पूर्वी ही जागा धातूच्या बुशकडे होती. गनमेटलचे बुश, त्यांना ग्रीसचे निपल, आणि सुट्टीच्या दिवशी ग्रीसगन घेऊन गाडीखाली लोळणारा मालक. ती मंडळी वागायला सरळ, पण मानपान फार. ग्रीस वेळेवर पोचलं नाही की करकर सुरू. रबराला काही द्यावं लागत नव्हतं, हीच त्याची शिफारस. १९३१ साली वॉल्टर क्रायस्लरच्या कंपनीनं प्लिमथ गाडीचं इंजिनच रबरावर बसवलं आणि 'फ्लोटिंग पॉवर' असं झोकदार नाव देऊन ते खपवलं. पुढे फ्रान्सच्या सिट्रोएननं त्याचा परवाना घेतला. मोटारीत रबराची पत वाढली. सस्पेन्शनमधल्या ग्रीसगनलाही मग हळूहळू निवृत्त व्हावं लागलं.

तसा हा सगळ्याच गाड्यांत राहतो, पण याचे गुणदोष पाहायचे तर जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये पाहावेत. साध्या गाडीत याची कुरकुर बाकीच्या गलक्यात बुडून जाते. स्पोर्ट्स कारमध्ये माणूस पैसे देतो ते चाक नेमकं कुठे आहे हे बुडाखाली कळावं म्हणून. तिथे बुशनं एवढीशी चूक केली तरी बभ्रा होतो.

मी ज्याची ओळख करून देतोय तो माझदा एमएक्स-५ मध्ये मुक्कामाला आहे. पहिल्या पिढीची गाडी. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. हिरोशिमात बांधलेली, दोन माणसांची, कापडी छपराची, दिवे डोळ्यांच्या पापण्यांसारखे वर येणारे. सुरुवातीला इंजिन १.६ लिटरचं, वजन एक टनाच्या आत. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावानं विकली गेली. जुन्या इंग्लिश रोडस्टरची सगळी मजा, फक्त सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं नाही. लोकांना हे इतकं आवडलं की २०१६ मध्ये या नावाची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, असं या गाडीबद्दल माझदावाले मोठ्या अभिमानानं सांगतात. घोड्याचे गुडघे रबराचे आहेत, हे मात्र जाहिरातीत येत नाही.

चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. म्हणजे प्रत्येक चाकाला एक वरचा आर्म आणि एक खालचा. आठ आर्म, प्रत्येकाच्या आतल्या टोकाला दोन बुश. सोळा तर तिथेच झाले. मागच्या चाकांच्या हबपाशी बसलेले आणि स्टॅबिलायझर बार धरणारे वेगळे. एवढा मोठा गोतावळा एका लहानशा गाडीत राहतो, आणि तीस वर्षांत त्यातल्या एकाचंही नाव मालकाला माहीत नसतं.

नाव होण्याची याला हौसही नाही. याचा पहिला अवगुण हाच: हा स्वतः बिघडतो आणि आळ दुसऱ्यावर येऊ देतो.

बर्मिंगहॅमजवळ राहणारे आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत. पुण्यात असेपर्यंत स्कूटरवर समाधानी होते, तिकडे गेल्यावर त्यांनी हौसेनं जपानहून आलेली जुनी युनोस घेतली. भारतात ही गाडी कंपनीनं कधी विकायला आणली नाही, त्यामुळे उपास घडलेला होता. गाडी सरळ रस्त्यावर जराशी भरकटायची. त्यांनी टायर बदलले. ब्रेक मारला की नाक एका बाजूला वळवायची. त्यांनी ब्रेक उघडले. स्पीड ब्रेकरवर खालून 'ठक्' यायचं. त्यांनी चार नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले. आवाज आपला होता तिथेच. तिथल्या वार्षिक तपासणीत, ज्याला ते लोक एमओटी म्हणतात, तपासनिसानं एक लांब पहार आर्मजवळ घालून जराशी कलवली आणि कागदावर शेरा मारला की बुश झिजलेत, नापास करण्याइतके नाहीत. गृहस्थांनी त्या वाक्याचा फक्त उत्तरार्ध वाचला.

उन्हाळ्यात त्यांचे वडील सांगलीहून आले. वडिलांनी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनी चालवलेली. शेजारच्या सीटवर कसेबसे मावले, गाडी गल्लीबाहेर पडून पहिल्या चढउतारावरून गेली, आणि म्हणाले, "अरे, बुश गेलेत तुझे."

"बाबा, शॉक नवे घातलेत."

"शॉकचं कोण बोलतंय? बुश म्हणतोय मी. एखाद्या मेस्त्रीला दाखव."

इतक्या महाग निदानानंतर हे फुकटचं निदान बरोबर निघालं.

याच्या स्वभावातली सगळ्यात मजेची गोष्ट आता सांगतो. आर्म वरखाली होतो म्हणजे बुशच्या आत काहीतरी गोल फिरत असणार, असं आपल्याला वाटतं. काहीही फिरत नाही. आतली नळी बोल्टनं सांगाड्याला करकचून आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकून बसवलेली, आणि रबर दोन्हींना चिकटलेलं. आर्म हलला की रबर पिळतं, आणि आर्म परत आला की पीळ सुटतो. वर्षानुवर्षं हा माणूस जागेवर उभा राहून अंग पिळतो आहे आणि सोडतो आहे. पिळताना तो थोडी स्प्रिंगचीही कामगिरी बजावतो. त्याचं श्रेय अर्थात स्प्रिंगला जातं.

मग याची एक खोड कळते. याला ज्या स्थितीत आवळाल तीच याची विसाव्याची स्थिती. गाडी जॅकवर उचललेली, चाकं लोंबकळताहेत, आणि मेस्त्रीनं घाईत बोल्ट फिट करून टाकला, तर बुश समजतो की आपलं घर हेच. गाडी खाली उतरवली की बिचारा उभ्या उभ्याच पिळलेला. गाडी रात्रभर दारात निवांत असते तेव्हाही याला विश्रांती नाही. गाडीची ती बाजू जरा उंच राहते, चाल विनाकारण ताठ लागते, आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून जाणकार बोल्ट आधी हातानं लावून ठेवतात, गाडी चाकांवर उतरवतात किंवा आर्मखाली जॅक देऊन चाक नेहमीच्या उंचीला आणतात, आणि मगच शेवटचा पाना मारतात. बुश फाटला की आपण कंपनीला शिव्या देतो. निम्म्या वेळा त्याला चुकीच्या अंगावर झोपवलेलं असतं.

म्हातारपण हा लपवतो. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, एक्झॉस्टची धग, आणि इंजिनातून ठिबकलेलं तेल, ही याची चार दुखणी. त्यातलं तेल सगळ्यात वाईट. नैसर्गिक रबर तेलात फुगून मऊ पडतं. एरवी वयानं ते कडक होतं, तडकतं. पण गाडी उभी असताना खाली वाकून पाहिलंत तर स्वारी ठीकठाक दिसते. पहार घालून कलवल्याशिवाय भेगा दिसत नाहीत. आणि एकदा रबरानं नळीचा हात सोडला की चाकाला मोकळीक मिळते. ब्रेक मारला की आर्म काही मिलिमीटर मागे सरकतो, चाकाचं तोंड जरासं फिरतं. वळणावर गाडी आधी विचार करते आणि मग वळते. अलाइनमेंटच्या मशीनवर आकडे सुंदर येतात, कारण तिथे गाडी उभी असते. रस्त्यावर तेच आकडे प्रत्येक ब्रेकला वेगळे. टायर आतून खाल्ला जातो, आणि त्याचा ठपका अलाइनमेंटवाल्यावर.

बदलायचं ठरलं की याचा दुसरा अवगुण बाहेर येतो. हा घर सोडत नाही.

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. या गाडीच्या खालच्या आर्मचे आतले बोल्ट साधे नसतात. त्यांच्या डोक्याशी चकती असते, भोक मध्यावर नसलेली. बोल्ट फिरवला की आर्म थोडा आतबाहेर सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो. अलाइनमेंट त्यांच्यावरच होते. प्रत्येक चाकाला असे दोन. मीठ आणि पाणी मिळून हा बोल्ट आणि बुशची आतली नळी यांचा असा घट्ट संसार लावून देतात, की पाना लावला तर बोल्ट फिरतच नाही, आणि जोर केला तर बुशच्या रबरासकट फिरतो. गृहस्थांनी गंज सोडवणारं तेल मारलं, रात्रभर ठेवलं, परत मारलं. नंतर गॅसचा बर्नर आणला. शेवटी आर्मच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट करवतीनं कापले, हे जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीचं होतं. तोवर रंगाच्या ब्रशनं चकत्यांच्या जागेवर खुणा करून ठेवल्या होत्या, ती एक शहाणपणाची गोष्ट. नाहीतर गाडी जोडून झाल्यावर अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत खेकड्याच्या चालीनं न्यावी लागते.

आर्म हातात आला तरी बुश आर्ममध्येच. हायड्रॉलिक प्रेस असेल तर त्याला एका दमात बाहेर ढकलता येतं. घरी बसून करणारे लोक मोठा व्हाइस आणि दोन सॉकेट घेतात, एक बुशच्या मापाचं, एक त्याहून मोठं, आणि हँडलला लोंबकळतात. काही जण ड्रिलनं रबराची चाळण करतात. काही बर्नर लावून जाळतात. जळक्या रबराचा वास ज्याला माहीत आहे तो पुन्हा जाळत नाही, आणि शेजारी तर नक्कीच जाळू देत नाहीत. रबर गेलं तरी बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात अडकून राहते. तिच्यात करवतीचं पान घालून आतून एक चीर द्यायची आणि ती आत दुमडायची. आर्मला ओरखडा गेला तर नवीन पाहुणा कधीच नीट बसणार नाही, म्हणून शेवटचा अर्धा मिलिमीटर फार सावकाश.

आता उमेदवार पाहू. मूळ रबराचा नवा बुश मिळतो. तसाच स्वभाव, वय शून्य. पण जुन्या स्पोर्ट्स कारचे मालक एवढ्यावर थांबणारे नसतात. त्यांच्यासमोर दुसरा एक बसलेला असतो, जांभळा, निळा, लाल किंवा पिवळा. हा पॉलियुरेथेनचा. याचं घराणं जर्मन; १९३७ च्या सुमारास लेव्हरकुझेनला ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचं रसायन शोधलं. त्याच घराण्यात पुढे गादीचा फोमही झाला आणि बुटाचा तळही, त्यामुळे मऊ आणि कडक हे त्यांच्याकडे घरचंच भांडण. बुशकडे कडक शाखा आली. रबराच्या कडकपणाचं 'शोअर ए' नावाचं एक माप असतं. मूळ बुश त्यावर साधारण ५०-६० च्या आसपास फिरतो. रस्त्यासाठीचा पॉली ८० च्या घरात, शर्यतीचा ९५ च्या. तेलाला हा भीत नाही, ओझोनला दाद देत नाही, आणि तीन वर्षांत तडकणाराही नाही.

हा दिखाऊ आहे, हे सांगायलाच हवं. गाडीखाली, चिखलात, कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या जागी राहायचं, आणि रंग जांभळा. सगळं काळं-करडं असताना हा तेवढा चकाकतो. मालकही गाडी उचलली की मित्रांना मुद्दाम वाकून बघायला लावतात.

घरात यायला मात्र फार सोपा. प्रेस नको, हातोडा नको. हा दोन अर्ध्या भागांत येतो. एक इकडून ढकला, एक तिकडून ढकला, मधून स्टीलची नळी सारा. हा आर्मला चिकटलेला नसतो आणि नळीलाही नाही. त्यामुळे पिळायचा प्रश्नच नाही, नळी आत मोकळी फिरते. रबराची लपलेली स्प्रिंग गेल्यामुळे सस्पेन्शन वरखाली उलट मोकळं चालतं, आणि आडवं मात्र हलत नाही. डबल विशबोनला हा स्वभाव मानवतो, कारण त्यातले आर्म बऱ्याच अंशी दाराच्या बिजागरीसारखे एकाच अक्षावर हलतात. गृहस्थांनी जांभळे बसवून पहिली चक्कर मारली तेव्हा वळणावर गाडीनं आधी वळून मग विचार केला. ते घरी आले तेव्हा वीस वर्षांनी लहान दिसत होते. त्यांच्या पत्नीनंच हे सांगितलं, आणि ते कौतुकानं सांगितलं नव्हतं.

काही महिन्यांनी त्याच पत्नी म्हणाल्या, "अहो, ही किरकिर आधी नव्हती."

किरकिर ही पॉलीची वाणी. फिरतो म्हणजे घासतो, आणि घासतो म्हणजे ग्रीस मागतो. ग्रीसही कुठलंही चालत नाही, सिलिकोनचं चिकट खास ग्रीस लागतं, ते पाण्यानं धुऊन जाऊ नये म्हणून आत खाचा केलेल्या असतात. बसवताना ग्रीस कंजूषपणानं लावलं की पावसाळी सकाळी गाडी गल्लीतून निघताना जुन्या पलंगाचा आवाज देते. रबरानं ज्या ग्रीसगनला पेन्शनीत पाठवलं होतं ती या जांभळ्या गृहस्थांनी परत कामावर बोलावली. 

याच्या आणखी पुढच्या पायरीवर डेल्रिन या कडक प्लॅस्टिकचे बुश आहेत आणि त्याही पुढे उघड्या गोलाकार स्टील बेअरिंगचे सांधे. ती शर्यतीची माणसं. ती काही गिळत नाहीत. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला तरी दातांना कळतं. त्यांना रोजच्या गाडीत आणणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो, पण त्याच्या शेजारी बसून कोल्हापूरला जायची माझी तयारी नाही.

इथं मला रबराची बाजू घ्यावीशी वाटते. त्याच्याबद्दल एक समज असा आहे की ते फक्त स्वस्त आणि मऊ म्हणून घातलेलं असतं, आणि खऱ्या चालकानं त्याला हाकलून देणं हेच शौर्य. पण त्याच्या नमतं घेण्यावर काही इंजिनिअरांनी संपूर्ण गाड्या उभ्या केल्या आहेत. १९७७ मध्ये जिनिव्हाला आलेल्या पोर्शे ९२८ चा मागचा आक्सल घ्या. वाइसाख या गावातल्या त्यांच्या संशोधन केंद्राचं नाव त्याला मिळालं. वळणावर चालक घाबरून पाय काढतो किंवा ब्रेक मारतो, तेव्हा साधारण मागच्या चाकांचं तोंड बाहेर वळतं आणि गाडीची शेपूट सुटते. या आक्सलमध्ये पुढचा दुवा असा लवचीक बसवलेला की त्याच क्षणी चाकाचं तोंड आत वळावं. चालकाची चूक रबरानं पोटात घालायची, अशी ती योजना. ९२८ ला १९७८ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरवलं गेलं, आणि आजवर तो मान मिळालेली खरी स्पोर्ट्स कार ती एकटीच.

माझदाही यात मागे नव्हती. १९८५ मध्ये आलेल्या आरएक्स-७ च्या मागच्या हबमध्ये तिनं मुद्दाम वेगवेगळ्या कडकपणाचे बुश बसवले, की वळणाचा दाब कमी असताना चाक एका बाजूला जरासं फिरावं आणि दाब वाढला की उलट. संगणक नाही, मोटर नाही. नुसतं रबर किती दबेल याचा हिशेब. काही वर्षांनी हेच बुश म्हातारे झाले, हिशेब चुकायला लागले, आणि मालकांनी त्यांच्या जागी न हलणारे धातूचे बुश घातले. चूक कुणाची नाही. पण मामाला हाकलताना तो कोणती भांडणं मिटवत होता हे आधी विचारलेलं बरं.

एमजीबीवाल्यांचा शहाणपणा मला सगळ्यात पटतो. त्या जुन्या इंग्लिश गाडीचे पुढचे बुश सुट्या रबराचे, लवकर झिजणारे. १९७३ मध्ये त्याच कंपनीनं एमजीबी जीटीचं व्ही-८ इंजिनाचं मॉडेल काढलं, त्याला जास्त दणकट, धातूला जोडलेल्या रबराचे बुश दिले. ते साध्या एमजीबीतही बसतात हे लोकांना कळलं आणि तेव्हापासून एमजीबीच्या जगात 'व्ही-८ बुश' हा स्वतंत्र शब्दच झाला. त्याच घराण्यातला जरा धाकात वाढलेला भाऊ आणायचा, परका आणायचा नाही. रोजची गाडी असेल तर मी नवं मूळ रबर घालीन. महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणारी असेल, आणि डबल विशबोन असेल, तर जांभळ्यालाही माझी हरकत नाही, ग्रीसची डबी मात्र आधी बघून घेईन. मागच्या आर्मला तीन दिशांना वाकावं लागतं अशा गाडीत सगळीकडे कडक बुश भरणाऱ्याला मी आधी नुसता चहा पाजीन.

काहीही घाला, अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. चारही चाकांची, आणि या गाडीत मागच्या चाकांचा कोनही त्याच चकतीच्या बोल्टांनी लावायचा असतो. नवे बोल्ट ग्रीस लावून घातलेले असले तर अलाइनमेंटवाला खूश होतो, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत तो बोल्टाला पाना लावतो आणि डोकं हलवत परत येतो. काही दिवस गाडी चालली की बुश आपापल्या जागी बसतात, तेव्हा एकदा परत तपासणी. आकडे जराही हलले नाहीत, हे गृहस्थांनी कागद दाखवून प्रत्येकाला सांगितलं. प्रत्येकाला म्हणजे सासूबाईंनासुद्धा.

सोळा बुश एकदम ताठ झाले की एक नवीन गोष्ट घडते. जो धक्का ते गिळत होते तो आता पुढच्या दुव्याकडे जातो. म्हणजे बॉल जॉइंटकडे. इतकी वर्षं तो झिजलेला होताच, पण बुशच्या ढिलेपणात त्याचा ढिलेपणा दिसत नव्हता. हिवाळा संपता संपता गृहस्थांच्या गाडीत पुढून, वळताना, पुन्हा 'टक्' आलं. या वेळी सांगलीला फोन लावून तो आवाज ऐकवण्यात आला. पलीकडून एवढंच आलं, "वरचा बॉल जॉइंट. बुशच्या वेळी बघितला नाहीस का?"

या गाडीच्या पुढच्या वरच्या आर्मचा बॉल जॉइंट कंपनी सुटा देत नाही, आर्मसकट देते. आर्म मागवला. खोकं उघडलं तर आत स्वच्छ काळा आर्म, नवा बॉल जॉइंट, आणि आर्मच्या दोन्ही डोळ्यांत कारखान्यातूनच ठोकून बसवलेले दोन नवे कोरे रबरी बुश. जांभळ्याच्या घरात मागच्या दारानं परत आलेले. ते प्रेसनं काढून पुन्हा जांभळे घालायचे की आहेत तसे राहू द्यायचे, यावर त्या घरात सध्या चर्चा चालू आहे. पत्नीचं मत ठरलेलं आहे.